सरांचा वजा एक

अकरावीत मला वर्गाबाहेर काढलं ते एका वजाबाकीवरून. हे सांगितलं की लोक हसतात. सायन्सची पोरगी आणि वजाबाकीवरून बाहेर! मला हसू येत नाही. आता मी स्वतःच ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दर वर्षी व्हेक्टरचा धडा येतो, आणि फळ्यावर पहिला बाण काढताना माझे दात आपोआप आवळले जातात.

आमचं घर चौसाळ्याचं. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हायवेला पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. मी रोज एसटीने बीडला कॉलेजला जायचे. वर्गाच्या हजेरीत नावं भरपूर, बाकांवर माणसं कमी. ज्यांच्या घरी जमत होतं त्यांनी खासगी क्लास लावले होते, ती पोरं कॉलेजात तोंड दाखवण्यापुरती यायची. राहिलो आम्ही. बहुतेक आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुली. संध्याकाळी क्लासला थांबलं तर शेवटची गाडी चुकायची, आणि बीडला खोली करून राहायला घरचे सोडत नव्हते. त्यामुळे आमच्या वाट्याचं जे काही फिजिक्स होतं ते सगळं एका सरांच्या हातात होतं.

सर पंचेचाळिशीचे होते. पांढरा कडक शर्ट, खिशाला दोन पेनं. कॉलेजात सगळ्यात जुने, म्हणून प्राचार्यसुद्धा त्यांच्याशी जपून बोलायचे. शिकवण्याची पद्धत ठरलेली. आमच्याकडे पाठ करायची, फळाभर लिहायचं, "लिहून घ्या" म्हणायचं आणि पुसायचं. कुणी हात वर केला तर हातातला खडू खाली ठेवून इतका वेळ नुसतं बघायचे की हात आपोआप खाली यायचा.

व्हेक्टर, म्हणजे मराठीत सदिश, सरांनी असेच सुरू केले. ज्या राशीला आकड्याबरोबर दिशाही असते ती सदिश, एवढं सांगितलं आणि लगेच बाणाला बाण जोडून त्रिकोण काढायला लागले. कोन, साइन, कोसाइन, कंसात कंस. मला काही म्हणजे काही कळलं नाही. दोन बाण दोन वेगळ्या दिशांना चाललेत, त्यांची बेरीज करायची म्हणजे नक्की काय करायचं? घरी येऊन मी दप्तर कॉटवर आपटलं.

त्या वेळी अक्का बाळंतपणाला माहेरी आलेली होती. माझी थोरली बहीण. तिला धारूरला दिलेली. तीही माझ्याच कॉलेजात, त्याच सरांच्या हाताखाली शिकलेली. बारावीला फिजिक्समध्ये तिच्यापुढे कॉलेजात कुणी नव्हतं. तिला बीएस्सी करायचं होतं. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात धारूरचं स्थळ आलं, चांगलं होतं, लग्न झालं. घरात तिला कुणी नाही म्हटलं नाही. तिला कुणी विचारलंच नाही. पुढे कधी तरी मी मायला त्याबद्दल बोलले तर माय म्हणाली, "ती कुठं काय बोलली तवा?" जणू बोलण्याची जबाबदारीही तिचीच होती.

तर दप्तर आपटल्यावर अक्का म्हणाली, "काय झालं गं?"

"व्हेक्टर झालं. मला न्हाई जमत. मी आर्ट्सला जाते."

"खडू आन. वर चल."

आमच्या स्लॅबवर संध्याकाळचं जरा वारं असायचं. अक्काला खाली बसता येत नव्हतं, तिला नववा लागायच्या बेतात होता. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "मी सांगते, तू काढ." स्लॅबवर मी खडूने चौकटी आखल्या.

"हा बाण तिरपा हाय म्हणून तू घाबरलीस," ती म्हणाली. "तिरपा हाय कावून? थोडा पूर्वेला गेलाय अन् थोडा उत्तरेला. मंग त्याचे दोन भाग कर. पूर्वेचा येगळा, उत्तरेचा येगळा. त्यालाच कम्पोनंट म्हणायचं. घटक."

पहिला बाण तिने सांगितला तीन घरं पूर्वेला आणि चार घरं उत्तरेला. दुसरा दोन घरं पूर्वेला आणि पाच दक्षिणेला.

"दक्षिणेचं काय करू?"

"उत्तर अधिक धरलीस ना? मंग दक्षिण वजा. आता बेरीज कर. आडव्यात फक्त आडवं मिळवायचं, उभ्यात फक्त उभं."

आडवे तीन आणि दोन पाच. उभं बघितलं तर चार वर गेले आणि पाच खाली आले, म्हणजे एक घर खाली. वजा एक. मी सुरुवातीच्या ठिकाणापासून तिथवर एक सरळ रेघ ओढली. हीच ती बेरीज. सकाळी सरांनी साइन-कोसाइनच्या जंगलात घालवलेला तास या चार रेघांत संपला होता.

"अन् वजाबाकी?" मी विचारलं. मला आता मजा यायला लागली होती.

"दुसऱ्या बाणाचं तोंड फिरव. पूर्वेला चाललाय तो पश्चिमेला जाईल, दक्षिणेला चाललाय तो उत्तरेला. फिरवला की मंग बेरीजच करायची."

तोंड फिरवल्यावर दुसरा बाण झाला दोन पश्चिमेला, पाच उत्तरेला. तीनातून दोन गेले, पूर्वेला एक उरला. उभ्यात चार आणि पाच नऊ. उत्तर, एक पूर्वेला आणि नऊ उत्तरेला. मी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी काढली. बेरजेचा बाण लांब आणि जरासा खाली झुकलेला, वजाबाकीचा जवळजवळ सरळ वर आभाळाकडे. अक्का खुर्चीत मागे रेलून बघत होती. तिच्या तोंडावर त्या वेळी जे समाधान होतं ते मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

दोनच दिवसांनी सरांनी कम्पोनंट घेतले. फळ्यावर उदाहरण लिहिलं. पहिला व्हेक्टर तीन आय, चार जे. दुसरा दोन आय, वजा पाच जे. आय म्हणजे आडवी दिशा, जे म्हणजे उभी. मी वही उघडली आणि थबकले. हे तर अक्काचंच गणित होतं! मला वाटलं पुस्तकातलं असेल, अक्काला लक्षात राहिलं असेल. खुशीत मी पुढचं उत्तर आधीच लिहून टाकलं.

बेरीज सरांनी बरोबर केली. पाच आय, वजा एक जे. मग वजाबाकी. तीन वजा दोन एक. आणि उभ्याला चार, त्यापुढे वजा, त्यापुढे पाच. वजा एक जे. "लिहून घ्या."

दुसऱ्या व्हेक्टरच्या पाचाला आधीच वजा होता. वजाबाकीचा वजा वेगळा. सरांनी दोन वजांतला एक खाऊन टाकला होता. अशी चूक कुणाचीही होते. माझी आजही होते, आणि एखादं पोर मागून ओरडतं, "मॅडम, साइन चुकलं!" मी पुसते आणि नीट लिहिते. पुसायला किती वेळ लागतो?

मी उभी राहिले. "सर, नऊ येतं."

सरांनी खडू खाली ठेवला. बघत राहिले. माझा हात खाली आला नाही कारण मी हात वर केलाच नव्हता, मी उभी होते.

"काय येतं?"

"नऊ, सर. बेरजेत वजा एक आलाय. वजाबाकीत पण वजा एकच कसा येईल? मिळवून आणि काढून सारखंच आलं तर त्या दुसऱ्यात उभं काहीच नाही असं होईल ना."

शेजारची मुलगी माझी ओढणी खालून ओढत होती. सरांच्या डोळ्यांत मला क्षणभर दिसलं, त्यांना कळलं होतं. मी हे नंतर रागाने रचलेलं नाही. ते फळ्याकडे वळले, त्या पाचाकडे पाहिलं, मान किंचित हलली. मग माझ्याकडे वळले ते वेगळंच तोंड घेऊन.

"तू शिकवतेस का? ये, घे खडू. मी बसतो तुझ्या जागेवर."

कुणीतरी हसलं.

"तसं नाही सर, फक्त..."

"पोरींना जरा सायन्सला जागा दिली की हे असं होतं. शहाणपण घरी दाखवायचं. बाहेर हो. माफी मागितल्याशिवाय माझ्या तासाला बसायचं नाही."

मी बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. आतून त्यांचा आवाज येत होता, "वजा एक जे, खाली दोन रेघा मारा." आणि वह्यांवर पट्ट्या ठेवल्याचा आवाज. बाकांवर बसलेल्यांपैकी निदान तिघी-चौघींना बरोबर उत्तर कळलं असणार. सगळ्यांनी वजा एकखाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी अक्काला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, शिव्या घालेल. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "अजून तेच सांगतात का ते?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. गणित पुस्तकातलं नव्हतं. सरांचंच होतं. अक्काच्या वर्षीही फळ्यावर तेच आलं होतं, तेच उत्तर, त्याच दोन रेघा.

"तुला माहीत हुतं?"

"हो."

"मंग तू काय केलंस तवा?"

"लिहून घेतलं. परीक्षेत आलं तर तेच लिहायचं, मार्क मिळतात. मनात बरोबर ठेवायचं." ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, जणू एसटीचं वेळापत्रक सांगत होती. "तुला बरोबर काय ते कळावं म्हणून त्या दिशी तेच घेतलं."

"अन् गप बसायचं ते सांगायचं राहिलं व्हय?"

मी तिच्यावर ओरडले. ती एवढी हुशार, तिने तेव्हाच तोंड उघडलं असतं तर इतकी वर्षं पोरींनी चुकीचं लिहिलं नसतं. माय स्वयंपाकघरातून धावत आली, "पोटुशी बाई हाय ती, वरडू नको." मी जेवले नाही.

मी माफी मागितली नाही. सरांचा तास आला की व्हरांड्यात उभी राहायचे. येणारे-जाणारे शिपाई, क्लार्क बघायचे. एकाने विचारलंही, "काय केलं बे हिनं?" आणि दुसरा म्हणाला, "सरांना उलटं बोलली." गणिताचं कुणाच्या तोंडी नव्हतं. मग कॉलेजातून आबांना फोन गेला.

आबा दुकान बंद करून निघाले. अक्का चप्पल घालून दारात उभी. आबा म्हणाले, "तू कुठं या अवस्थेत?" ती म्हणाली, "मी येणार." तिच्या आवाजात असं काही होतं की आबांनी ओळखीच्या माणसाची गाडी बोलावली.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये सर आधीच येऊन बसले होते, पायावर पाय टाकून. मला उभं राहायला सांगितलं. अक्काचं पोट बघून तिला खुर्ची दिली. प्राचार्य इतिहासाचे, मऊ बोलणारे. म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण बोलण्याची पद्धत असते. सरांचं वय काय, हिचं वय काय."

अक्का म्हणाली, "सर, मी पन यांचीच विद्यार्थिनी. हिनं जे सांगितलं ते बरोबर हाय. यांनी मला पन चुकीचंच दिलतं."

सरांनी पायावरचा पाय काढला.

अक्काने टेबलावरचा कागद ओढला, पेन मागितलं आणि प्राचार्यांसमोर दोन बाण काढले. "चार घरं वर हाय. त्यातून पाच घरं खाली काढून टाकायचीत. खाली जाणं काढून टाकलं तर माणूस वर जाईल का खाली?"

प्राचार्यांनी कागदाकडे पाहिलं. त्यांना कळलं. हे इतकं साधं आहे की इतिहासाच्या माणसालाही कळतं. त्यांनी सरांकडे पाहिलं, सरांनी खिडकीकडे. मग प्राचार्यांनी कागद हलकेच बाजूला सरकवला आणि म्हणाले, "हे बघा ताई, मुद्दा गणिताचा नाहीच. मुद्दा शिस्तीचा आहे."

तेव्हा आबा उठले. त्यांनी हात जोडले. प्राचार्यांना नाही, सरांना. "लहान हाय सर ती. तिच्या वतीनं मी माफी मागतो. वर्गात बसू द्या."

सर म्हणाले, "ठीक आहे. मी काही मनात ठेवत नाही."

मनात ठेवत नाही! मी ओठ दातात धरून उभी होते, रक्ताची चव आली. परतताना गाडीत मी आबांना म्हणाले, "तुमी कावून हात जोडले?" ते पुढे रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुला बारावी काढायची हाय का न्हाई? प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात हायेत." आबांना व्हेक्टर कळत नव्हते हे मला मान्य आहे. पण अक्का खरं बोलतेय हे त्यांना कळत होतं. आपली एक पोरगी खरं सांगतेय आणि दुसरी खरं सांगितल्याबद्दल उभी केलीय, हे समोर दिसत असताना त्यांचे हात जोडले गेले. अक्का शेजारी पोटावर हात ठेवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीत दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी भेटली. मी सहज तिची वही मागितली. तेच गणित. तीन आय, चार जे. खाली वजाबाकी. एक आय, नऊ जे. दोन रेघा.

"हे सरांनीच सांगितलं?"

"मंग काय मी लिहिलं? तुला बाहेर काढलं त्याच दिशी दुपारी घेतलं की आमच्याकडं."

त्याच दिवशी दुपारी. म्हणजे केबिनमध्ये खिडकीकडे बघत बसलेल्या माणसाने नऊ केव्हाच मान्य केलं होतं, दुसऱ्या वर्गात, जिथे त्याला कुणी चुकलात असं म्हटलं नव्हतं. आणि माझ्या बापाचे हात जोडलेले त्याने बघून घेतले होते.

मी उतरल्यावर थेट स्टाफरूमच्या दारात गेले. सर चहा पीत होते. मी म्हणाले, "सर, दुसऱ्या तुकडीला तुम्ही नऊ सांगितलंत."

"मग?" ते म्हणाले. "तुला उत्तर कळलंय ना? मग अभ्यास कर."

"आमच्या वर्गात कधी सांगणार?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि बघायला लागले. त्या नजरेला मी आता सरावले होते. घंटा वाजली म्हणून ते उठले.

आमच्या वर्गात ते कधीच दुरुस्त झालं नाही. चाचणीत वेगळे आकडे घालून तसंच गणित आलं, आणि आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींनी सरांनी दाखवलं तसंच एक वजा खाऊन सोडवलं. सरांनी पेपर वाटले तर त्या सगळ्यांवर लाल काट मारलेली. "तुमचं बेसिकच कच्चं आहे," म्हणाले. माझी ओढणी ओढणारी मुलगी रडत होती. तिच्या काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नापास झालीस की कॉलेज बंद.

त्या दिवशी बसस्टँडवर गाडीची वाट बघताना मी तिला धरून बसवलं. एका विटेच्या तुकड्याने फरशीवर चौकटी आखल्या. माझा आवाज चढलेला होता, मी शिकवत नव्हते, भांडतच होते. "तोंड फिरव! फिरव त्याचं तोंड! आता कुठं चाललाय?" ती घाबरत म्हणाली, "वर." आजूबाजूच्या मुली सरकत सरकत जवळ आल्या. भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका बघत होत्या. गाडी लागेपर्यंत मी त्यांच्याकडून आडवं आडव्यात आणि उभं उभ्यात घालून घेतलं. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा असं व्हायला लागलं. लोक म्हणतात शिकवायला माया लागते. माझ्यात ती नंतर आली असेल. सुरुवात त्या संतापाने झाली.

बारावीला सरांनी मला प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क दिले. आबा खूश झाले, म्हणाले, "बघ, मान्साच्या मनात काय नव्हतं." माझ्या प्रयोगात तर लोलकाची वाचनंसुद्धा नीट आली नव्हती. ते मार्क मला तोंडात कोंबलेल्या बोळ्यासारखे वाटले.

अक्काला मुलगी झाली आणि ती धारूरला परत गेली. तिचं शिक्षण तिथेच राहिलं. मी मात्र हट्टाने फिजिक्सच घेतलं, एमएस्सी केलं. माझ्या वेळी आबांनी अडवलं नाही. अक्काची वाट त्यांनी बंद केली नसती तर माझी एवढी सहज उघडली असती का, हा प्रश्न मी त्यांना विचारलेला नाही. विचारला तर मी ओरडेन.

यंदा बोर्डाच्या पेपर तपासणीच्या कामासाठी आम्ही बरेच शिक्षक एका ठिकाणी जमलो होतो. तिथे सर भेटले. केस पांढरे झालेले, निवृत्तीला आलेले. मला पाहून त्यांचा चेहरा खरोखर उजळला. शेजारच्या चार-पाच शिक्षकांना हाक मारून म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी बरं का. चौसाळ्याची. हिला व्हेक्टर मी शिकवलेत."

मी म्हणाले, "नाही सर. व्हेक्टर मला माझ्या बहिणीने शिकवले. तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं होतं. तुमची वजाबाकी चुकली होती आणि मी ती सांगितली म्हणून. माझ्या वडिलांनी तुम्हाला हात जोडले होते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती जुनी नजर नव्हती ती, गोंधळलेली होती. "कधी?" ते म्हणाले. "मला तर असं काही आठवत नाही गं." आणि ते खरं बोलत होते. चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांच्याकडे त्यातलं काहीही शिल्लक नव्हतं. मग कुणीतरी चहाचं विचारलं, आणि एक जण मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, वय झालंय."

बाहेर येऊन मी झाडाखाली उभी राहिले. धारूरला फोन लावला आणि अक्काला सगळं सांगितलं, अगदी शब्दन् शब्द.

मला वाटलं आता म्हणेल, सोड. पण ती ओरडली. जन्मात मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. मागून तिच्या सासूने काय झालं म्हणून विचारलेलं मला फोनवर ऐकू आलं.

"आठवत न्हाई? त्याला आठवत न्हाई?"

"न्हाई म्हणाला."

"मंग तू एवढंच बोलून आलीस?"

"बोलले की सगळ्यांसमोर."

"आजून बोलायचं हुतं," अक्का म्हणाली. "जा. आत जा परत."